भीती चेपताना मैत्रीण कुठं उभी असावी?

एका आईचा प्रश्न आला आहे, तो आधी थोडक्यात सांगते. मुलगी 8 वर्षांची. दोन वर्षांपूर्वी एक मोठा कुत्रा भुंकत तिच्या अंगावर धावून आला. चावला नाही, पण पळताना ती पडली, गुडघा फुटला. तेव्हापासून लांबवर कुत्रा दिसला तरी ती आईच्या मागं लपते, रस्ता बदलायला लावते. गेले काही महिने तर बाहेर खेळायला जाणंच तिनं बंद केलं आहे. शाळेतही बुजरी आहे. उत्तर येत असतं, पण हात वर करत नाही. जिवाभावाची मैत्रीण एकच. तिच्या घरी पाळलेला कुत्रा आहे, त्यामुळं ती इकडं येते, ही तिकडं कधीच जात नाही. आई विचारते, ‘माझं ती ऐकत नाही. मैत्रिणीलाच समजावायला सांगू का? की त्या लहान जीवावर उगाच ओझं पडेल?’

मैत्रिणीची मदत जरूर घ्या. समजावण्याचं काम मात्र तिला देऊ नका.

‘तो काही करत नाही गं’ हे वाक्य तुमच्या लेकीनं आजवर शेकडो वेळा ऐकलं असेल. तिला ते पटलेलंही असेल. माझ्यासमोर बसून मुलं कुत्र्यांच्या जाती धडाधड सांगतात, शेपटी कशी हलली की काय समजायचं तेही सांगतात, आणि खिडकीबाहेर भुंकणं ऐकू आलं की पाय वर घेऊन खुर्चीत आकसून बसतात. डोक्याला पटलेलं पोटातल्या गोळ्याला पटत नाही. हा काही माझा शोध नाही. 1924 साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी लहान मुलांची भीती घालवायचे निरनिराळे उपाय एकेक करून तपासले. सशाला घाबरणाऱ्या एका चिमुरडीशी आठवडाभर रोज सशांबद्दल गप्पा मारल्या, चित्रं दाखवली, गोष्टी सांगितल्या. मुलगी सशांबद्दल हौसेनं बोलू लागली. मग खरा ससा समोर आणला, आणि ती पहिल्या दिवसाइतकीच घाबरली. इतर मुलांनी चिडवण्यानं भीती जाते का, हेही त्यांनी पाहिलं; त्यानंही काही साधलं नाही. खरे उपयोगी पडले ते दोनच उपाय. मूल आवडीचं काही खात असताना ससा थोडा थोडा जवळ आणणं हा एक, आणि सशाशी मजेत खेळणाऱ्या दुसऱ्या मुलांच्या संगतीत त्याला ठेवणं हा दुसरा.

त्यांच्या नोंदींतला पीटर हा मुलगा 2 वर्षं 10 महिन्यांचा होता. त्याला ससा चालत नसे, पांढरा उंदीर चालत नसे, फरचा कोट आणि कापूससुद्धा चालत नसे. सशाला जराही न घाबरणाऱ्या तीन मुलांसोबत त्याला रोज थोडा वेळ खेळायला ठेवत. पीटर हळूहळू सशाकडं सरकू लागला. चांगली प्रगती झाली आणि तो आजारी पडला. जवळजवळ दोन महिने रुग्णालयात होता, आणि तिथून निघतानाच एक मोठा कुत्रा अंगावर आला. सगळं मुसळ केरात. जोन्सबाईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, या वेळी खाऊची जोड देऊन, आणि अखेर तो सशाला आपली बोटं कुरतडू देऊ लागला. हा मधला घसरणीचा भाग मी प्रत्येक आईवडिलांना मुद्दाम सांगते. तुमच्याकडंही तीन आठवडे छान जातील आणि एक दिवस कुठलातरी कुत्रा अचानक भुंकेल. त्या दिवशी ‘इतकं करून काय उपयोग झाला’ असं वाटेल, तेव्हा पीटरची आठवण ठेवा.

पुढं 1967 मध्ये आल्बर्ट बांडुरा हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अगदी तुमच्याच प्रश्नावर काम केलं. कुत्र्याला घाबरणारी 48 मुलं, वय 3 ते 5. त्यांतल्या काहींना एक 4 वर्षांचा मुलगा कुत्र्याशी खेळताना नुसता दाखवला. चार दिवसांत आठ वेळा, दर खेपेला काही मिनिटंच, आणि प्रत्येक खेपेला तो मुलगा कुत्र्याच्या थोडा अधिक जवळ जाई. बाकीच्या मुलांना नुसता कुत्रा दाखवला किंवा नुसतीच खेळाची मजा करू दिली. शेवटची कसोटी कडक होती: लहान कुंपणात कुत्र्यासोबत एकट्यानं थांबायचं. खेळणारा मुलगा पाहिलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश मुलं तिथवर पोचली. त्या मुलांना कुणीही काही समजावलं नव्हतं.

याचं कारण, मला वाटतं, साधं आहे. मोठ्यांच्या न घाबरण्याला मुलं धरतच नाहीत. मोठी माणसं गाडी चालवतात, विस्तवाजवळ काम करतात, रात्री एकटी बाहेर जातात. ती वेगळीच जात. पण आपल्याएवढीच उंची, आपल्यासारखेच पडलेले दुधाचे दात, आणि हिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला? हे बघून मनातला हिशेब हलतो.

आता एक सावधगिरीची गोष्ट, तीही जोन्सबाईंच्याच नोंदींतली. एका लहान मुलाला सशाची भीती नव्हतीच. त्याला ससा पाहून रडणाऱ्या एका मुलीबरोबर ठेवलं, आणि तोही घाबरू लागला. म्हणजे संगतीनं धीर येतो तशी संगतीनं भीतीही लागते. म्हणून कोणाला सोबत घ्यायचं, हे ठरवण्यात वेळ घालवा.

पालक सहसा सगळ्यात धीट मूल निवडतात. मीही एकदा निवडलं होतं. पाण्याला घाबरणारा एक मुलगा माझ्याकडं यायचा. त्याच्या जोडीला मी त्याच्या वर्गातला पट्टीचा पोहणारा पोरगा दिला. पोरगा मनानं चांगला, पण त्याला भीती म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. ‘अरे, काहीच नसतं त्यात’ म्हणत त्यानं तिसऱ्या दिवशी गमतीनं याला धक्का दिला. पाणी कमरेएवढंच होतं. तरी त्या मुलाला पुन्हा तलावाच्या काठावर बसवायला मला पाच महिने लागले, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यानं मनाशी ठरवून टाकलं, ‘सगळ्यांना जमतं, मीच भित्रा.’ चूक त्या पोराची नव्हती. निवड माझी होती.

त्यानंतर मी आधी एक प्रश्न विचारते: याच गोष्टीला थोडं घाबरणारं, तरीही करणारं कोणी आहे का? डोनाल्ड मायकेनबॉम या मानसशास्त्रज्ञांनी 1971 मध्ये सापाला घाबरणाऱ्या लोकांवर हेच पाहिलं. सराईतपणे साप हाताळणारा माणूस बघण्यापेक्षा, आधी घाबरलेला, स्वतःशी बोलत, थांबत थांबत पुढं जाणारा माणूस बघणं जास्त गुणकारी ठरलं. घाबरलेल्याला शेवटची पायरी दाखवून भागत नाही, पहिली आणि दुसरी पायरी कशी चढतात ते दिसावं लागतं.

तुमच्या बाबतीत पंचाईत अशी की मैत्रिणीच्याच घरी कुत्रा आहे. ती त्याच्या अंगावर लोळत असेल, त्याच्या तोंडात हात घालत असेल. ते पाहून तुमच्या मुलीला ‘मलाही जमेल’ असं वाटणार नाही, ‘हिचा कुत्रा आहे, हिला ओळखतो, मला थोडाच ओळखतो’ असंच वाटेल, आणि तिचं म्हणणं चुकीचं नाही. म्हणून शक्य असेल तर तिसरं कोणी शोधा: चुलत भाऊ, शेजारची मुलगी, वर्गातलं कोणी, ज्याला कुत्र्याचं फारसं प्रेम नाही पण पळूनही जात नाही. दोघी-तिघी असल्या तर अधिक बरं. बांडुरांच्याच पुढच्या वर्षीच्या कामात, एकच मूल एकाच कुत्र्याबरोबर दाखवण्यापेक्षा निरनिराळी मुलं निरनिराळ्या कुत्र्यांबरोबर दाखवली, तेव्हा मुलं जास्त पुढं गेली.

आणि वयानं लहान मूल चालेल का? उत्तम चालेल. 1979 मध्ये फरमन, राहे आणि हार्टप या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या अगदी एकलकोंड्या मुलांना जोडीदार दिले. काहींना बरोबरीचे, काहींना वर्ष-दीड वर्षानं लहान. दहा वेळा खेळल्यानंतर लहान जोडीदार मिळालेली मुलंच वर्गात जास्त खुलली. बरोबरीच्या मुलासमोर बुजरं मूल नेहमी मागं राहतं. लहानग्यासमोर ते ताई होतं, दादा होतं, खेळ ठरवतं, पुढाकार घेतं. तुमच्या घरात येणारं असं एखादं पाच-सहा वर्षांचं पिल्लू असेल तर त्याला विसरू नका. वर्गात हात वर न करणाऱ्या मुलीला घरी त्याला काहीतरी शिकवू द्या. हा भाग कुत्र्याशी जोडलेला नाही, पण मी तो आधी करते.

मैत्रिणीशी बोलण्याआधी दोन परवानग्या हव्यात. पहिली तुमच्या लेकीची. तिची भीती ही तिची खासगी गोष्ट आहे, मैत्रिणीला कितीही ठाऊक असली तरी. ‘आपण तिला थोडी मदत मागूया का? काय सांगायचं ते तू ठरव,’ इतकं पुरे. दुसरी परवानगी मैत्रिणीच्या आईवडिलांची, आणि त्यांना स्पष्ट सांगा की त्यांच्या मुलीला काही शिकवायचं नाही, जबाबदारी घ्यायची नाही, नेहमीसारखं खेळायचं आहे; लक्ष ठेवायला मोठं माणूस प्रत्येक वेळी हजर असेल. तुमच्या ओझ्याच्या शंकेचं खरं उत्तर इथंच आहे. जे मूल सोबत खेळतं त्याच्यावर ओझं पडत नाही. ज्याला ‘तूच तिला बरं कर’ म्हणतात, त्याच्यावर पडतं. मग मैत्रीण रडली की ते स्वतःला दोष देतं, घरी गप्प होतं.

मैत्रिणीला माझ्या पद्धतीनं सांगायचं तर एवढंच: ‘ती थांब म्हणाली की थांबायचं. हसायचं नाही, ओढायचं नाही, आणि हे शाळेत कुणाला सांगायचं नाही.’ आठ वर्षांच्या मुलांना हे नियम चांगले कळतात. खेळात राज्य कोणावर आणि टाइम प्लीज म्हणजे काय हे ज्याला कळतं, त्याला हेही कळतं. मी तर मुलांना ‘टाइम प्लीज’ हाच शब्द वापरायला देते.

मग सुरुवात कुठून? मुलीलाच विचारा. भीतीचे गुण शून्य ते दहा. लांबून कुत्रा पाहणं किती, रस्त्याच्या पलीकडून बांधलेला कुत्रा जाणं किती, मैत्रिणीच्या घराच्या दारापर्यंत जाणं किती. तीन-चार गुणांची गोष्ट पहिली घ्या. बहुतेक मुलींच्या बाबतीत ती असते मैत्रिणीनं काढलेले कुत्र्याचे व्हिडिओ एकत्र बघणं, त्याच्यासाठी चेंडू निवडणं, त्याला नवं नाव द्यायचं तर काय देऊ यावर भांडणं. पुढची पायरी, कुत्रा आत खोलीत, दार बंद, आणि या दोघी बाहेर पत्ते खेळतात. हा टप्पा लोक घाईनं उरकतात. उरकू नका. दारापलीकडून एक-दोनदा भुंकणं ऐकू येतं, खेळ क्षणभर थांबतो, मैत्रीण मान वर न करता पत्ता टाकते, आणि तुमची मुलगी तिच्याकडं बघून आपलाही पत्ता टाकते. माझ्या मते सगळ्यात जास्त काम या क्षणी होतं. मैत्रिणीनं ‘घाबरू नको’ म्हटलं असतं तर उलट तिचं लक्ष भुंकण्याकडंच गेलं असतं.

त्यानंतर कुत्रा पट्ट्यानं बांधलेला, पट्टा मोठ्या माणसाच्या हातात, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला. अंतर किती, हे तुमची मुलगी ठरवेल. खडूनं रेघ मारा. आजची रेघ इथं, उद्याची कुठं मारायची ते ती सांगेल. मैत्रीण कुत्रा आणि रेघ यांच्यामध्ये, तुमच्या मुलीच्या एक पाऊल पुढं. शेजारी नाही आणि कुत्र्याच्या गळ्यात गळा घालूनही नाही. पुढं ती कुत्र्याला हात लावेल तेव्हा तुमच्या मुलीनं तिच्या पाठीवर हात ठेवला तरी चालेल. मी साखळी करवते, कुत्र्यावर मैत्रिणीचा हात, मैत्रिणीच्या खांद्यावर हिचा. मुलांना यात हसू येतं. हसू आलं की अर्धं काम झालं.

प्रत्येक खेपेआधी तिला विचारा, ‘काय होईल असं वाटतंय?’ ‘तो उडी मारेल.’ ठीक. नंतर विचारा, ‘काय झालं?’ उत्तर तिनंच द्यायचं. तुम्ही ‘बघ, सांगितलं होतं ना’ म्हणायचं नाही. मला माहीत आहे, जिभेवर येतं.

कुत्र्याबद्दलची भीती पूर्ण खोटी नसते, हे तिला मोकळेपणानं सांगा. अनोळखी कुत्र्याला हात लावायचा नाही. मालकाला विचारल्याशिवाय ओळखीच्यालाही नाही. खात असलेल्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळच्या कुत्र्याजवळ जायचं नाही. अंगावर आला तर पळायचं नाही, हात अंगाशी धरून झाडासारखं स्तब्ध उभं राहायचं, डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. दोन वर्षांपूर्वी ती पळाली होती, आठवतं ना? हा ‘झाडाचा’ खेळ दोघींना शंभर वेळा खेळू द्या. काय करायचं हे अंगवळणी पडलं की धास्ती निम्म्यानं उतरते. कुठं सावध राहायचं हे कळणं आणि सगळीकडंच घाबरणं यांतला फरक तिला स्वतःला करता आला पाहिजे.

आपल्याकडं ‘भीती चेपणं’ असा शब्द आहे. मला तो फार नेमका वाटतो. भीती पुसली जात नाही, चेपली जाते, आणि चेपायची तर पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या बाजूंनी दाबावी लागते. गेल्या काही दशकांतल्या संशोधनाचा सूरही तोच आहे. जुनी भीती मेंदूत राहते, तिच्यावर नवा अनुभव बसतो, आणि तो एकाच जागी, एकाच माणसासोबत बसला तर तिथंच अडकून राहतो. म्हणून मैत्रिणीच्या अंगणात धीट झालेली मुलगी रस्त्यावर पुन्हा लटपटते. पालकांना वाटतं ढोंग करते. ढोंग नाही, तो अनुभव अजून रस्त्यावर आलेलाच नाही.

इथं मैत्रीणच अडसर ठरू शकते. ‘ती असली तरच जाईन.’ पहिल्या महिन्यात हे चालतं, चौथ्यात नाही. ती कुबडी होते, आणि ती शाळा बदलून गेली की सगळं कोसळतं. त्यामुळं सुरुवातीपासूनच मैत्रिणीला थोडं थोडं बाजूला सरकवत न्या. आधी एक पाऊल पुढं, मग शेजारी, मग मागं, मग फाटकापाशी, मग घरी फोनवर. शेवटी तुमची मुलगी एकटी जाते आणि संध्याकाळी मैत्रिणीला सांगते. प्रत्येक पायरी एकदा मैत्रिणीसोबत, नंतर तिच्याशिवाय, असा माझा ढोबळ नियम आहे. कुत्राही बदला, जागाही बदला.

आता तुमच्याकडं वळते. तुम्ही रस्ता बदलता, तिला कडेवर घेता, बाहेर जायच्या वेळा तिच्या भीतीप्रमाणं ठरवता. प्रेमापोटीच करता. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो असाच लागतो: दर वेळी रस्ता बदलला की तिची सुटका होते, आणि सुटका झाली म्हणजे धोका खराच होता, असं मन धरून चालतं. येल विद्यापीठातल्या एली लेबोविट्झ यांच्या गटानं 2020 मध्ये दाखवलं की फक्त आईवडिलांबरोबर काम करून, अशी सवलत टप्प्याटप्प्यानं कमी केली, तरी मुलांची चिंता मुलांवर थेट केलेल्या उपचाराइतकीच कमी होते. त्यामुळं मैत्रिणीसोबत पायऱ्या चढणं एकीकडं आणि घरी जुनीच सवलत दुसरीकडं, असं नको. एकदम तोडूही नका. ‘मला दिसतंय तुला भीती वाटतेय. आणि तुला हे जमेल असंही मला वाटतं. आज आपण त्याच रस्त्यानं जाऊ, पलीकडच्या कडेनं.’ एवढंच बोलायचं, आणि मग चालायला लागायचं.

शाळेतल्या गप्प राहण्याचं वेगळं बघावं लागेल. कुत्र्याच्या भीतीत मैत्रीण पुढं उभी राहिली तर मदत होते. बोलण्याच्या भीतीत ती पुढं उभी राहिली तर नुकसान होतं, कारण ती हिच्या वतीनं बोलू लागते. ‘बाई, हिला पाणी प्यायला जायचंय.’ ‘बाई, हिला उत्तर येतंय.’ सगळे वर्ग अशा दयाळू दुभाष्यांनी भरलेले असतात. मैत्रिणीला गोडीनं सांगा, हिच्या वाटचं बोलू नको, पाच मोजेपर्यंत वाट बघ. शिक्षकांना विनंती करा की प्रश्न आधी जोडीला विचारावा: दोघींनी आपसात बोलायचं, मग एकीनं सांगायचं. पहिले काही दिवस मैत्रिणीनं, मग आलटून पालटून. दोघींनी मिळून एक ओळ मोठ्यानं वाचणं, मग ही एकटी वाचते आणि मैत्रीण शेजारी उभी, मग मैत्रीण तिच्या बाकावर. मोठ्या माणसांसमोर गप्प राहणारी मुलं खूप असतात, त्याचं मी फारसं मनावर घेत नाही. बरोबरीच्या मुलांतही ती तशीच गोठत असेल तर मात्र लक्ष द्यायला हवं. सामाजिक चिंतेचं, म्हणजे चारचौघांत बोलण्या-वावरण्याच्या टोकाच्या भीतीचं निदान करताना आम्हीही नेमकं हेच पाहतो.

अजून एक, जे दोन-तीन वर्षांनी तुमच्या उपयोगी पडेल. मुली मोठ्या होतात तशा मैत्रिणी मैत्रिणींना सगळं सांगू लागतात. ते चांगलंच आहे. 2011 मध्ये माँट्रियलमध्ये पाचवी-सहावीच्या मुलांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, दिवसातून अनेकदा मोजलं होतं. काही वाईट घडलं तेव्हा जिवलग मित्र सोबत असला, तर ते चढत नव्हतं. नसला तर चढत होतं. मित्र काय बोलला याची नोंद नव्हती, तो तिथं असणं पुरे होतं. पण सोबत असणं वेगळं आणि तीच चिंता दोघींनी रोज तासभर उगाळणं वेगळं. अमांडा रोझ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 2002 पासून यावर काम केलं आहे: अशा उगाळण्यानं मैत्री घट्ट होते आणि चिंताही वाढते, विशेषतः मुलींमध्ये. दोघी खोलीत बसून ‘आणि असं झालं तर?’ करत असतील तर रागावू नका. काहीतरी हातानं करायचं काम द्या, बाहेर पाठवा.

मैत्रीणच नसती तर? तर आधी मैत्री, मग भीती. एकाच मुलाला, थोड्या वेळासाठी, ठरलेल्या खेळासाठी घरी बोलवा. पाचजणांना बोलावून बुजरं मूल खुलत नाही.

तज्ज्ञांकडं कधी जायचं, हे विचारलं नाहीत तरी सांगते. या वयात प्राण्यांची, अंधाराची, वादळाची भीती नवलाची नाही, आणि बरीचशी आपोआप ओसरते. पण सहा महिन्यांहून जास्त टिकलेली आणि रोजचं जगणं अडवणारी भीती आपोआप जाण्याची वाट बघू नये. तुमच्या मुलीची दोन वर्षांची झाली, बाहेर खेळणं बंद झालं आहे, म्हणजे वर सांगितलेलं सुरू करतानाच एकदा बालमानसतज्ज्ञांना भेटून घ्या. शाळेत जायलाच नकार, सारखं पोट दुखणं, झोप उडणं, घराबाहेर महिनाभराहून जास्त काळ अजिबात न बोलणं, किंवा ‘मी नसते तर बरं’ अशी भाषा, यांतलं काही दिसलं तर मैत्रिणीवर विसंबू नका, लगेच भेटा. विचार आणि वागणूक यांवर काम करणारी उपचारपद्धती मुलांच्या चिंतेवर चांगली लागू पडते, आणि तिचा गाभाही असाच पायरी-पायरीचा असतो.

पहिली खेप दहा मिनिटांचीच ठेवा, आणि ती ‘अजून थोडा वेळ’ म्हणाली तरी थांबवा; पुढच्या खेपेची वाट तिलाच बघू द्या. घरी आल्यावर ‘भीती वाटली का?’ असं विचारू नका. खेळात कोण जिंकलं ते विचारा.